एक, दोन, दादा

गिअरबॉक्सबद्दल मिस्त्रीला कोणी शहाणपण शिकवायला गेलं, तर तो शांतपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी स्वतःला हवं तेच करायचा. तीस वर्षं त्याने उतारावरच्या त्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये काढली होती. गाडी अजून वळणावर असायची, तेवढ्यात तिचं दुखणं त्याच्या कानाला कळलेलं असायचं. भुताखेतांचा विषय निघाला की तो फडक्याला हात पुसत म्हणायचा, "मला नका सांगू. लोखंडाला काही होतं ते कारणाने होतं."

थंडीत गिअर जड पडतो, ही तक्रार तर तिथे रोजचीच. त्यावर त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. रात्रभर गारठून गिअरबॉक्सचं तेल घट्ट होतं, चाकांचा वेग जुळायला वेळ लागतो. दांडा मधेच न्यूट्रलला धरायचा, दोन मोजायचं आणि मग टाकायचा.

धाकट्या बहिणीला गाडी त्यानेच शिकवली होती. तिच्या हातावर आपला हात ठेवून तो मोजायचा, "एक, दोन," आणि ती मुद्दाम त्याला चिडवायला पुढे "दादा!" म्हणून गिअर टाकायची. गंमत म्हणजे गिअर बरोबर त्या तिसऱ्या शब्दालाच पडायचा. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी गाडीत एकटी असली की ती तसंच मोजायची. एरवी सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणे. मेहुणेही मिस्त्रीच म्हणत, भाची मामा म्हणे. दादा म्हणणारी ती एकटीच होती.

दीड महिन्यापूर्वी ती गेली. सकाळी दवाखान्यात कामाला निघाली होती, धुकं होतं, उताराचा रस्ता ओला होता. खालच्या वळणावर गाडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेली. चौकशीला आलेल्या माणसाने धुकं लिहिलं, ओला रस्ता लिहिला आणि तो गेला. गिअरचा दांडा कुठे होता, हे त्याने पाहिलंच नाही. मिस्त्रीने पाहिलं. दांडा न्यूट्रलला होता.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली, तेव्हा मिस्त्रीने सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि आधी खाली शिरून गिअरबॉक्सचं तेल काढलं. एवढी घाई कशाची, ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. त्या गाडीला पुस्तकाप्रमाणे ऐंशी नंबरचं पातळ तेल लागायचं. पण जुना गिअरबॉक्स घूं घूं करायला लागला होता आणि बहीण त्या आवाजाला वैतागली होती. मग याने ट्रॅक्टरला घालतात ते दाट, एकशेचाळीस नंबरचं तेल ओतलं. आवाज गप्प! ती खूश, हाही खूश. भर थंडीत तेवढं दाट तेल घालायचं नसतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. चार दिवस जाऊ देत, मग बदलू, असं म्हणून तो विसरला.

काढलेलं तेल त्याने नेहमीच्या पिंपात टाकलं नाही. एका बाटलीत भरून रंगाच्या डब्यांमागे ठेवलं. टाकवेना आणि बघवेना, अशी त्याची गत झाली होती.

मेहुणे अधूनमधून गॅरेजमध्ये येऊन लाकडी बाकावर बसत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं होतं.

"मीच घाई केली हो तिला," ते म्हणत. "उशीर होतोय, उशीर होतोय म्हणून घड्याळ नाचवलं तिच्यापुढे. नाहीतर ती कशाला जोरात जाईल?"

मिस्त्री पाना फिरवत राही. ती जोरात गेली नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. ती तिसऱ्यातून दुसऱ्यात येत होती. ती मोजत होती.

गाडी विकायची नाही, असं मेहुण्यांनी ठरवलं. अठरा वर्षांची भाची म्हणाली, "आईची गाडी मी चालवणार, आणि शिकवायचं मामानेच." पत्रा सरळ झाला, काच बसली, ब्रेक नवे झाले. मिस्त्रीने ताजं ऐंशी नंबरचं तेल भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली.

दुसरा गिअर पडेना.

पहिला पडला, तिसरा पडला, चौथाही पडला. दुसऱ्याला दांडा अर्ध्यावर जाऊन थांबत होता. राहिलेलं दाट तेल कुठेतरी चिकटलं असेल, असा त्याने हिशेब केला आणि खाली भांडं ठेवून बूच काढलं. काल त्याने मधासारखं सोनेरी, पातळ तेल भरलं होतं. भांड्यात पडलं ते काळपट आणि दाट. त्याची धार तुटता तुटत नव्हती.

त्याने बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. एकशेचाळीस.

माणूस दुःखात असला की हातून काहीही होतं, डबे बदलले असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. गिअरबॉक्स धुऊन काढला. नवा, सीलबंद डबा फोडला. भरताना पातळ धार उजेडात धरून नीट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बूच काढलं तर तीच काळी, दाट धार. तिसऱ्या दिवशीही तीच.

मग त्याने गिअरबॉक्सच उतरवला. पितळी कड्या बघितल्या, दात बघितले, दांड्याचे सांधे बघितले. सगळं ठणठणीत. पुन्हा बसवला आणि तेल न घालता, इंजिन बंद ठेवूनच तो सीटवर बसला. गाडी लिफ्टवर होती, चाकं अधांतरी. खाली जाऊन त्याने चाकं हाताने थोडी फिरवली, परत वर येऊन दांडा दुसऱ्याला ढकलला. दात अडले तर ठक्क असा आवाज येतो, हाताला झटका बसतो. इथे तसं काही नव्हतं. पलीकडून कोणीतरी तळवा लावून मऊपणे अडवावं, तसं वाटत होतं.

आणि एक गोष्ट. गॅरेज इतकं गारठलं होतं की पाने हातात धरवत नव्हते. गिअरच्या दांड्याची मूठ मात्र कोमट होती.

त्याने हात काढून घेतला. मग स्वतःशीच, लाजत लाजत, हळूच म्हणाला, "एक. दोन."

पुढचा शब्द म्हणायचा त्याला धीर झाला नाही. तो शब्द त्याचा नव्हताच.

त्याच दुपारी तो बाटली घेऊन मेहुण्यांकडे गेला. भाची कॉलेजात होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने बाटली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. आवाज घालवायला दाट तेल घातलं, थंडीत ते चालत नाही हे माहीत असून घातलं, बदलायचं राहून गेलं. उतारावर दुसरा पडला नाही. गाडी मोकळी सुटली.

"तुमच्या घड्याळाचा काही दोष नाही, मेहुणे. दोष या बाटलीत आहे."

मेहुण्यांनी बाटली उचलून उजेडाला धरली. नळ ठिबकत होता. मिस्त्रीला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर बरंच होईल.

"रोज सकाळी अडायचा तो गिअर," मेहुणे शेवटी म्हणाले. "मला माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तीच नको म्हणाली. दादाला बोलू नका, म्हणाली. त्याने एवढ्या हौसेने आवाज घालवलाय, त्याला वाईट वाटेल."

मिस्त्री मटकन खुर्चीत बसला. अंत्यविधीलाही तो रडला नव्हता. आता मात्र परक्यासमोर रडू आवरावं तसा तोंडावर हात दाबून रडला. मेहुण्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण ते उठूनही गेले नाहीत.

"मला वेळ लागेल," ते म्हणाले. "उद्या पोरीला घेऊन जा. तुम्हीच शिकवा. आणि ही बाटली इथून न्या."

सकाळी कडाक्याची थंडी होती. मिस्त्रीने गाडी लिफ्टवरून खाली घेतली, पातळ तेल भरलं आणि लगेच बूच उघडून थोडं बोटावर घेतलं. सोनेरी. तासाभराने पुन्हा पाहिलं. तेव्हाही सोनेरीच. मग टाकीपासून लांबच्या, सपाट रस्त्यावर तिला इकडून तिकडे चारदा चालवून पाहिलं. दुसरा पडत होता.

गाडी पुरती थंड होऊ दिल्यावर त्याने भाचीला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. बाटली पिंपात ओतायला त्याचा हात अजून धजला नव्हता, ती बरोबर घेऊन त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरली.

"पहिला टाक. क्लच हळू."

गाडी हलली.

"आता दुसरा. मधे थांब."

भाचीने दांडा न्यूट्रलला आणला. त्याने तिला मोजायला सांगितलं नव्हतं. घरी ती पद्धत कोणाला माहीत नव्हती. बहीण तसं मोजायची ती एकटी असतानाच.

"एक, दोन," भाची पुटपुटली, "दादा."

दुसरा गिअर लोण्यासारखा पडला.

गाडी संथपणे पुढे जात राहिली. काचेवरचं धुकं हळूहळू विरत होतं.

"जमलं की गं," तो कसाबसा म्हणाला.

"मामा," रस्त्यावरची नजर न काढता भाची म्हणाली, "माझ्या हातावरचा हात असाच राहू दे हं थोडा वेळ. बोटं इतकी गारठली होती माझी. आता बरं वाटतंय."

मिस्त्रीने खाली पाहिलं. बाटली त्याच्या मांडीवर होती आणि त्याचे दोन्ही हात बाटलीवर होते.

"बरं," तो म्हणाला.