निळ्या पिंपातलं पाणी

"तू पाणीच घातलं नसशील, आळशी कुठला," टाचणी म्हणाली.

"चार दिवस घालतोय! पण विहिरीपर्यंत कोण जाणार? या निळ्या पिंपातलंच घेतलं," तिचा मामेभाऊ भोपळ्या म्हणाला.

टाचणी चरकली. विहाराच्या कट्ट्यावर दोघांचे घेवडा पेरलेले डबे शेजारी होते. विहिरीच्या पाण्यावरची तिची रोपं हिरवीगार, आणि त्याच्या रोपांनी पिवळं पडून माना टाकलेल्या. पिंपाच्या ठिबकत्या तोटीखालचं गवतही करपलं होतं.

आज वैशाख पौर्णिमा. याच पौर्णिमेला भगवान बुद्ध जन्मले, याच दिवशी झाडाखाली त्यांना बोध झाला आणि याच दिवशी महापरिनिर्वाणही. म्हणून वंदना झाली की सगळे बोधिवृक्षाला पाणी घालणार होते. वृक्ष कसला, कमरेएवढं पिंपळाचं रोप! टाचणीच्या आजोबांनी वारण्याआधी लावलेलं. आणि पाणी याच पिंपातलं घालायचं होतं. पिंप रिकामं करावं, तर उतार थेट रोपाच्या मुळाशी.

ती धावत मामांकडे गेली आणि पिंपातलं पाणी खराब असल्याचं सांगू लागली. मामा विहाराचे अध्यक्ष, सतरंज्या अंथरण्यात गुंतलेले.

"माळीदादांनी स्वतः भरलंय ते. लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. जा, रांगेत बस."

वंदना सुरू झाली. टाचणीने भोपळ्याला कोपराने ढोसलं. "जा, तोटीची मूठ काढून आण."

"बाबा मला सोलून काढतील."

"मग झाड मरू दे."

भोपळ्या गेला आणि खिशात हात घालून परतला. पुढे बसलेले भिक्खू, भन्ते, म्हणत होते, "अकालिको, एहिपस्सिको..." एहिपस्सिकोचा अर्थ आजोबांनी तिला सांगितला होता. मी सांगतो म्हणून मानू नका, या आणि स्वतः पाहा.

वंदना संपली. मामा तोटीशी वाकले. "अरे, मूठ कुठे गेली?" भोपळ्या आभाळाकडे बघू लागला. "जाऊ दे, वरून बुडवून घेऊ," म्हणत मामांनी तांब्या भरून भन्तेंच्या हातात दिला. तांब्या रोपावर कलला.

"भन्ते, थांबा!" टाचणी रांग मोडून पुढे घुसली. "आत्ता एहिपस्सिको म्हणालात ना? मग आधी येऊन पाहा!"

मामांचा चेहरा लालबुंद झाला. भन्तेंनी मात्र तांब्या सरळ केला आणि ते तिच्यामागून गेले. त्यांनी दोन्ही डबे पाहिले, करपलेलं गवत पाहिलं.

"माळीदादा, या पिंपात आधी काय होतं?"

माळीदादांनी मानेवरचा घाम पुसला. "तण मारायचं औषध कालवलं होतं. पण धुतलं होतं की. म्हणजे... एकदा खळबळलं होतं."

मामा पायरीवर मटकन बसले. "आणि मी विचारलंसुद्धा नाही. ज्या झाडाखाली बोध झाला, त्याच्याच मुळावर आज आपण उठलो होतो."

पिंपावर झाकण घट्ट बसलं. विहिरीपासून माणसांची साखळी लागली, बादल्या हातोहात येऊ लागल्या. भन्ते म्हणाले, "वीस वर्षं मी हा शब्द म्हणतोय. आज तसं वागली ती ही पोर."

मामांनी भरलेला तांब्या टाचणीपुढे धरला. "चुकलं माझं. तुझ्या आजोबांच्या झाडाला पहिलं पाणी तू घाल."

टाचणीने धार अगदी हळू सोडली.

मग मामांनी भोपळ्यापुढे हात पसरला. "मूठ."

"मारणार नाही ना?"

"नाही. उद्यापासून या झाडाला रोज पाणी तू घालायचंस. विहिरीवरून आणून."