शेवट सांगायचा नाही

नागपुरात सदरमधल्या चष्म्याच्या दुकानात त्या दिवशी जवळचं वाचायचं कार्ड काही केल्या सापडेना, तेव्हा हर्षाने काउंटरवरची आपली कादंबरीच समोर बसलेल्या गिऱ्हाइकापुढे धरली. "वाचा, कुठूनही." तो वाचू लागला. परिच्छेद संपला, तपासणी संपली, हर्षाने नंबरही लिहून घेतला... आणि या बाबाने खुशाल पान उलटलं!

"अहो, झाले डोळे तपासून."

"हो, पण ही बाई घर सोडून जाते की नाही?"

"ते मी सांगणार नाही."

"मग मी इथून हलत नाही," असं म्हणून तो हसला, आणि आपली हर्षा गेली कामातून.

नाव सुशील. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात इंजिनीअर. रविवारच्या कट्ट्यावर त्याला नेलं तेही हर्षानेच. मनीषनगरला प्रेमिलाताईंच्या गच्चीवर वाचणारी मंडळी जमायची, तर्री-पोह्यांवर ताव मारायची आणि सध्या काय वाचणं चाललंय ते एकमेकांना सांगायची. शिवाय वाचून झालेलं एखादं पुस्तक आणायचं आणि 'हे तू वाच' म्हणून कोणाच्या तरी हातात ठेवायचं. नियम एकच — शेवट सांगायचा नाही. सांगितला, तर महिनाभर गच्चीवर पाय ठेवायचा नाही. प्रेमिलाताई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे माफी-बिफी नव्हती.

तर हा सुशील गच्चीवर आला, रुळला, सगळ्यांचा लाडका झाला. स्वतः काय वाचतो विचारलं, तर "एक चालू आहे, झालं की सांगतो" म्हणून हात झटकायचा. पण पुस्तकं मात्र वाटायचा. एक प्रेमिलाताईंना दिलं. त्यानंतरची सगळी वेदिकाला! हर्षाला एक नाही. एक म्हणजे एक नाही!

कट्ट्यावरची ही वेदिका बँकेत होती. खरं सांगायचं तर मुलगी चांगली होती, आणि हाच हर्षाचा खरा वैताग होता. वाईट असती तर निदान मनमोकळं दात-ओठ तरी खाता आले असते. "सुशील, काय भारी पुस्तक दिलं रे तू!" असं ती म्हणायची, आणि हर्षाच्या घशात पोहे अडकायचे. आणला कोणी त्याला इथे? मी! डोळे कोणी तपासले? मी! आणि ते डोळे बघतात कुणीकडे? रात्री उशीला टेकलं की हेच. जळून जळून पोरीचा कोळसा व्हायचा बाकी होता.

मग हर्षाने एक भलतंच काम केलं. वेदिकाला मिळालेली रहस्यकथा तिने बर्डीच्या फुटपाथवरून स्वतःसाठी विकत आणली आणि गिऱ्हाइकं सांभाळत वाचून काढली. रविवारी वेदिका सांगत होती, "अर्धी झाली. जीव टांगणीला लागून राहिला माझा—"

"त्यात काय? खून नायिकेच्या सख्ख्या काकानेच केलेला आहे," हर्षा म्हणाली.

वेदिकाचा चेहरा एवढासा झाला. प्रेमिलाताईंनी बशी खाली ठेवली. "हर्षा, महिनाभर यायचं नाही."

महिनाभर! म्हणजे महिनाभर ती दोघं समोरासमोर, आणि ही सदरला लोकांचे नंबर काढत बसणार. आपल्याच हाताने मैदान मोकळं करून दिलं होतं. हर्षा पर्स उचलून जिना उतरली. डोळे भरून आले होते, त्यामुळे गाडीची किल्ली लागता लागेना.

"काहून केलं तुम्ही असं?" मागून सुशील आला होता. चांगलाच चिडलेला.

"काहून?" हर्षाचा तोल गेला. "तू मले एक तरी पुस्तक दिलं का आजवर? तिले देऊन राहिला, ताईंले देऊन राहिला... मी काय अंगठाछाप आहो?"

रागबिग विसरून तो हळूच म्हणाला, "तुले काय देऊ? तू वाचलेलंच?"

"म्हणजे?"

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. हर्षाने मागच्याच रविवारी जिचं भरभरून कौतुक केलं होतं, ती कादंबरी. कोरी प्रत, मध्यापर्यंत वाचून झालेली.

"तू जे सांगते, तेच घेऊन वाचतो मी. पहिल्या दिवसापासून. आणि वेदिकाले देतो ती माझी जुनी पुस्तकं... कपाटात जागा करून राहिलो. आता तिथं सगळी तुझीच येऊन राहिली ना."

"मग बोलला काहून नाही?"

"सगळ्यांसमोर? ताई हसल्या असत्या ना मले..." त्याचे कान लाल झाले होते. "ते जाऊ दे. आधी वर चल. वेदिकाची माफी माग."

हर्षा गेली. वेदिकासमोर उभी राहून म्हणाली, "चुकलं वं माझं. तुझ्यावर जळून राहिली होती मी."

"मले वाटलंच होतं," वेदिका म्हणाली. "पण माझी रहस्यकथा गेली ना बाप्पा!" आणि तिने आपल्या बशीतले अर्धे पोहे हर्षाच्या बशीत सारले. प्रेमिलाताई मात्र ढिम्म. "महिना म्हणजे महिना."

तेव्हा सुशील घसा खाकरून उभा राहिला. हातात तीच कादंबरी.

"सध्या मी हे वाचतोय. आणि याचा शेवट असा आहे की—"

"सुशील!" ताई ओरडल्या.

"—की तो तिच्या दुकानात जातो आणि म्हणतो, मले चष्मा नको, तूच पाहिजे. आणि ती... ती हो म्हणते."

हर्षाला ती कादंबरी पाठ होती. त्यात दुकान नव्हतं. शेवटी दोघं कायमची वेगळी होतात आणि वाचणारा हमसून रडतो. पण हर्षाने ओठ घट्ट मिटले.

"तूही महिनाभर बाहेर!" ताईंनी फर्मान काढलं, आणि वेदिकाने टाळ्या वाजवल्या.

जिना उतरताना सुशीलने विचारलं, "खरा शेवट काय आहे गं?"

"सांगणार नाही."

"आता काहून? शिक्षा तर झाली."

हर्षाने त्याच्या हातातलं पुस्तक काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. "तुझाच चांगला आहे."