छत्रीखालचा आरसा

"उपटू नका… प्लीज."

माझा हात अळंबीच्या देठाशी होता आणि आवाज पाठीमागून आला. मी दचकून वळले. एक तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर सॅक आणि चेहऱ्यावर अशी काळजी, जणू मी त्याच्या धाकट्या बहिणीची वेणी ओढणार होते.

"मला फक्त छत्रीची खालची बाजू बघायचीय," मी म्हटलं. "फोटोसाठी."

"मग जागच्या जागी बघू की."

त्याने शर्टाच्या खिशातून एक बारीक स्टीलची दांडी काढली. टोकाला नाण्याएवढा गोल आरसा. हा आरसा मी याआधी पाहिला होता, पण तोंड वासून खुर्चीत पडलेली असताना.

"तुम्ही दातांचे डॉक्टर?"

"आठवड्यातले सहा दिवस. घाबरू नका, आज रविवार आहे."

मी बाबांच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढते. मान सरळ, कान दिसू देत, हसू नका – दिवसभर हेच. रविवारी कॅमेरा घेऊन जंगलात यायचे ते यासाठी, की इथे कुणाला काही सांगावं लागत नाही.

ओल्या ओंडक्याशेजारी आम्ही दोघं पोटावर पालथे झालो. त्याने आरसा छत्रीखाली सरकवला. तो लगेच धुरकटला.

"श्वास रोखा," तो कुजबुजला. "आपल्याच वाफेनं होतंय."

रोखला. आरसा हळूहळू स्वच्छ झाला… आणि मी पाहतच राहिले. देठापासून कडेपर्यंत शेकडो घड्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि एकही दुसरीला चिकटलेली नाही. त्यांच्यातून उजेड आरपार येत होता. दोन घड्यांमधून मोहरीहून लहान एक किडा स्वतःच्या घरात असल्यासारखा निवांत चालला होता. इतकी वर्षं मी हे सगळं पायाखाली तुडवत गेले होते. काही कारण नसताना माझे डोळे भरून आले.

"रोज लोकांच्या तोंडात बघतो," तो म्हणाला, "पण असलं काही दिसत नाही."

मी हसले आणि आरसा पुन्हा धुरकटला.

मग दर रविवारी. तो शोधायचा, मी फोटो काढायचे. त्याला एकाही अळंबीचं खरं नाव येत नव्हतं, म्हणून आम्हीच ठेवली. लालबुंद, फुगलेल्या एकीचं नाव हेडमास्तर. खोडाला कानासारख्या लटकलेल्या दुसरीचं चहाटळ शेजारीण. दात किडतात, दात किडतात म्हणत माझ्या लिमलेटच्या गोळ्या तोच संपवायचा.

आठव्या रविवारी पाऊस नुकताच थांबला होता. झाडांमधून ऊन तिरपं उतरलं आणि आमच्या समोरच्या छत्रीखालून धूर निघू लागला. आग नाही, वारा नाही… नुसता धूर, वळणं घेत वर चढणारा.

"बीजाणू," तो पुटपुटला. "लाखो. एखादाच रुजेल."

तो धूर आमच्या दोघांच्या चेहऱ्यांमधून वर गेला. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबायचं मला सुचलंच नाही. ऊन सरकलं, तेव्हा भानावर आले.

"काढला?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. मग बराच वेळ आरसा पुसत राहिला. "तुमच्याकडे… व्हिसाचा फोटो निघतो का?"

परदेशातलं एक रुग्णालय, दोन वर्षांची नोकरी. फॉर्म याच आठवड्यात जायचा होता.

"आई दादाकडे रमलीय. मला थांब म्हणणारं तसं… कुणी नाही."

तो थांबला, माझ्याकडे बघत. दिवसभर माझी जीभ कात्रीसारखी चालते. पण त्या क्षणी मी काय म्हणाले?

"पांढरा शर्ट घालू नका. मागचा पडदा पांढरा आहे."

घरी पोचेपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते.

बुधवारी तो आला. गडद निळा शर्ट, केस चापून बसवलेले. बाबा काउंटरवर कुणाचे तरी फोटो कापत होते. आतल्या खोलीत स्टूल, दोन दिवे आणि पडदा. मी कॅमेऱ्यामागे जाऊन लपले.

"मान सरळ. हसू नका."

"हसत नाहीये."

खरंच हसत नव्हता. असे हजारो चेहरे मी पाहिलेत, सगळे कुठे ना कुठे निघालेले. बटण दाबलं की हाही निघणार. मला तो धूर आठवला आणि बोट जागचं हलेना.

"फोटोवाल्या बाई, झालं का?"

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

एवढंसं आलं तोंडातून. बाहेरून बाबांनी हाक दिली, "अगं, एका फोटोला किती वेळ?"

समोर आधी त्याचे कान लाल झाले. मग हसू आलं, सगळे दात दाखवणारं.

"फोटो बिघडेल," मी म्हटलं.

"बिघडू दे." तो उठला. "परत म्हण."

"आधी खाली बस. मान सरळ."

मी डोकं वर काढलं नाही. धीरच होईना. पावलं जवळ आली आणि कॅमेऱ्याच्या कडेने एक आरसा आत सरकला, नाण्याएवढा.

"ओढून बाहेर काढत नाही," तो हळूच म्हणाला. "जागच्या जागी बघतो."

आरशात त्याचा एक डोळा दिसत होता. त्याला माझा दिसत असणार, पाणावलेला.

"आजच कळवतो त्यांना," तो म्हणाला. "येत नाही म्हणून."

मला उत्तर द्यायचं होतं, पण आरसा धुरकटला. या वेळी दोघांपैकी कुणीच श्वास रोखला नव्हता.