टाचेला लावायचं मलम

कोल्हारच्या दवाखान्यातून मलमाची डबी घेऊन निघालेल्या मनकर्णाचे पाय त्या सकाळी जमिनीवर ठरत नव्हते. नवऱ्याची, सहादेवची टाच साखरेच्या आजाराने सडत चालली होती आणि आता घोट्यापासून पाय कापायची भाषा सुरू झाली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची मिळून एकच मजुरी. एकाचा पाय गेला की तो कोयता मोडलाच.

"मावशी, माशीच्या अळ्यांच्या लाळेतून काढलंय हे," डॉक्टर मैत्रेयी म्हणाल्या होत्या. "जंतू मारतं, नवी कातडी आणतं. पण काडीनंच लावायचं. हात लावायचा नाही."

अळीची लाळ! मनकर्णाने नाक मुरडलं. पण पाय वाचणार असेल तर तिने विंचूसुद्धा वाटून लावला असता.

नदीकाठच्या ऊसतोड्यांच्या झोपड्या, कोप्या ओस पडल्या होत्या. तोडणीची सगळी टोळी उसाच्या फडात गेली होती. वाकळेवर तापाने फणफणलेल्या सहादेवच्या टाचेला तिने काडीने मलम लावलं. झाकणाला थोडं उरलं. उसाच्या पाचटाने तिच्या हातांचे तळवे चिरलेले, रात्रंदिवस आग व्हायची. जन्मात काही वाया न घालवलेली ती बाई. उरलेलं तिने तळव्यांना चोळलं. आग तिथल्या तिथे थांबली. सहादेव झोपेत पाय झाडायचा, म्हणून ती त्याची टाच दोन्ही हातांत धरून बसली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कोपीत गोडसर, ओला वास भरला होता. एकही माशी नव्हती. तिने हात काढून घ्यायला पाहिलं. निघेनात.

तिने वाकून पाहिलं. जखम कुठेच नव्हती. तिची कातडी कुठे संपते आणि त्याची कुठे सुरू होते, तेही कळत नव्हतं. तिच्या मनगटावरच्या गोंदणाचा एक हिरवा ठिपका त्याच्या घोट्यावर गेला होता.

"अवो... उठा की..."

"मने... कुनी धरलंय मला?"

"मीच हाय. पाय हलवू नगा."

"सोड... लई गुदमरतंय..."

"सुटंना वो..."

कोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला अडकवलेल्या पिशवीत मोबाईल वाजत राहिला. हात मोकळा असता तर सहज पोचला असता. ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण फडात ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. तिने गुडघा टेकवून हिसका दिला, तशी दोघंही एकदमच किंचाळली.

मग तापाने गळालेल्या सहादेवचा श्वास लांबत गेला. लांबत, लांबत... थांबला.

"अवो..." तिने त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. तिने हंबरडा फोडला. हातातली टाच मात्र अजून उबदार होती. पाय वाचला होता.

रडता रडता डोळे पुसायला हात उचलायला गेली आणि सवयीने तिने बोटं मिटली.

सहादेवच्या पायाची बोटं मिटली.