बॅटरीचा पक्का आकडा

माणसाच्या काळजात काय चाललं आहे, हे जगातल्या कुठल्याही यंत्राला सांगता आलेलं नाही. गाडीच्या काळजात काय चाललं आहे, हे मात्र सांगता येतं. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या खोबणीत आगपेटीएवढी एक डबी खोचायची, फोनवर अ‍ॅप घ्यायचं आणि ब्लूटूथ सुरू करायचं. एप्रिलमधल्या एका सकाळी भूमिका गजभिये हे सगळं करून गाडीत बसली होती, आणि फोन तिला सांगत होता की तिच्या गाडीचं काळीज सध्या दुसऱ्या कोणाकडे आहे.

"ही डबी अन्य फोनशी जोडलेली आहे."

भूमिकानं फोन बंद केला, चालू केला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला. तरी तेच.

गाडी तशी तिची नव्हे, तिच्या वडिलांची. बाबाराव गजभिये वीज मंडळातून निवृत्त झाले, त्याच सुमारास त्यांचा मेहुणा कॅनडाला गेला आणि जाताना आपली प्लग-इन हायब्रिड गाडी नागपुरातल्या प्रतापनगरच्या त्यांच्या घरी त्यांना देऊन गेला. अशी गाडी म्हणजे घरच्या प्लगवर चार्ज करायची, बॅटरीवर चालवायची, आणि बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होणार. बाबारावांनी ते इंजिन कधी सुरू होऊच दिलं नाही. ते भाजीला जात आणि परत येऊन प्लग लावत.

समोरच्या घरी राहणाऱ्या नत्थूजींच्या गेटात त्यांची छोटी इलेक्ट्रिक गाडी उभी होती. तिच्या दारात एक तरुण वाकून आपल्या फोनकडे बघत होता.

"यात इंजिन कुठून आलं?" तो पुटपुटला.

"इंजिन?" नत्थूजी दचकले. "माही तं पुरी इलेक्ट्रिक हाय! कोनी चुपचाप बसवून देल्लं का?"

तरुणानं मान वर केली. गल्लीपलीकडे एक मुलगी फोन हवेत उंच धरून बसली होती. त्यानं एकदा तिच्या फोनकडे पाहिलं, एकदा आपल्या. मग गल्ली ओलांडून आला आणि तिच्या खिडकीशी थांबला.

"माफ करा," तो म्हणाला, "तुमची गाडी… माझ्या फोनमध्ये आली आहे."

"मग परत करा."

"करतो. या सगळ्या डब्या एकाच कारखान्यातून येतात हो. सगळ्यांचं नाव एक, सगळ्यांचा पिन एक-दोन-तीन-चार. माझा फोन चुकून तुमच्या घरात शिरला." तो थोडा थांबला. "पण एक विचारू? हिला रोज शंभर टक्के कोण चार्ज करतं?"

"बाबा."

"त्यांना सांगा, ऐंशीवर थांबायचं."

"तुम्हीच सांगा ना," भूमिका म्हणाली. "मला ऐकायला बसायचं आहे."

त्याचं नाव धम्मानंद वासनिक. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्याला. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या तपासून देणाऱ्या एका कंपनीत नोकरी. कपाळावर घाम, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसताना तो आधी खाली बघायचा… हे शेवटचं कोणी सांगितलं नव्हतं, भूमिकानं स्वतःच टिपलं.

बाबाराव हॉलमध्ये कूलरपुढे बसले होते. जय भीम घालून झाला, पाणी पिऊन झालं.

"बॅटरी म्हंजे काय, पान्याची टाकी होय," बाबाराव म्हणाले. "भरून ठेवली तं काय बिघडते?"

"काका, टाकी भरून ठेवली म्हणून टाकी म्हातारी होत नाही. ही होते. त्यातही पोट भरलेलं आणि वरून नागपूरचं ऊन."

"मी बी भरपेट जेवून उन्हात फिरतो. म्हातारा झालो का मी?"

"हो!" आतून शोभाताईंचा आवाज आला.

धम्मानंदनं खाली बघून हसू आवरलं आणि आकडा सांगितला. नवी बॅटरी शंभर धरली तर हिची ताकद आता चौऱ्याऐंशी.

आकड्याची गरज बाबारावांना होतीच. लकडगंजचे लाकडाचे व्यापारी दुर्गेशभाऊ यांनी एका लग्नात ती गाडी बघितली होती, आणि अक्षय तृतीयेला येऊन नेतो, तोवर बॅटरीचा आकडा पक्का करून ठेवा, असं सांगून ठेवलं होतं. बाबारावांना चाळीशी लावूनही आता रात्रीचं दिसत नव्हतं आणि भूमिका कॉलेजला स्कूटीनेच जायची, तेव्हा गाडी द्यायची हे ठरलेलंच. पण कच्च्या आकड्यावर माल द्यायचा नाही, हा बाबारावांचा बाणा.

"चौऱ्याऐंशी. पक्कं?" त्यांनी विचारलं.

भूमिका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत, बाबा," ती म्हणाली. हे वाक्य ती दर जूनमध्ये पोटापाण्यासाठी म्हणत आली आहे. या वेळी म्हणताना तिचं लक्ष एका दुमडलेल्या बाहीकडे होतं.

"बरोबर आहे त्यांचं," धम्मानंद लगेच म्हणाला. "निदान… तीन-चार तरी लागतील."

पद्धत त्यानंच ठरवली. शनिवारी रात्री गाडी पूर्ण भरायची. रविवारी पहाटे, बॅटरी थंड असताना निघायचं. पूर्ण रिकामी होईपर्यंत चालवायची आणि आत किती वीज होती ते अ‍ॅपला मोजू द्यायचं. भूमिका चालवणार, तो शेजारी बसून फोन बघणार.

प्रेमकथेत इथे पाऊस पडायला हवा. पण नागपुरात एप्रिल होता, आणि सकाळी आठनंतर बाहेर पडणाऱ्याला लोक वेडा म्हणत. पावसाच्या जागी पोर्चच्या खिडकीत कूलर होता. निघण्याआधी धम्मानंद त्याच्यामागे उभा राहून डबी खोचायचा, मागच्या जाळीतून उडालेले थेंब त्याच्या मानेवर बसायचे, आणि वाळ्याचा ओला वास घेऊन तो गाडीत बसायचा. भूमिका खिडकी बंद करून घ्यायची. ए.सी. लावायची नाही. ए.सी.नं मोजणी बिघडते, असं तिचं कारण होतं.

काटोल रोडनं निघायचं. गोरेवाड्याच्या जंगलाकडून मोहाचा गोडूस वास यायचा. बॅटरीवरच्या गाडीला आवाज नसतो, ही मोठी पंचाईत होती. इंजिन चालू असलं तर दोन माणसांना गप्प बसता येतं. इथे गप्प बसलं की गप्प बसलेलं ऐकू यायचं.

"काय दिसतंय?" ती विचारायची.

"सेल. सगळ्यात तगडा आणि सगळ्यात कमजोर. फरक फार थोडा आहे."

"भांडत नाहीत?"

"नाही. चांगलं जमतं दोघांचं."

"किती दिवस टिकेल?"

"सांभाळलं तर…" तो फोनकडे बघत म्हणायचा, "बरीच वर्षं."

त्यानंतर फेटरी गावापर्यंत कोणी काही बोलायचं नाही. फेटरी आली की तो म्हणायचा, "आता वळू या." वळलं नाही, तर घरी पोचायच्या आधी बॅटरी संपेल, हा हिशेब. दर रविवारी गाडी प्रतापनगरच्या गेटात शिरता शिरता शेवटचा टक्का संपायचा, आणि शोभाताई तर्रीपोहे घेऊन उभ्या असायच्या.

"त्या पोराले थोडं लवकर आनत जाय वं," त्या भूमिकाला म्हणायच्या. "पोहे निवून जातात."

"आई, बॅटरी हळूहळूच उतरवावी लागते."

"हव. दिसून राहिलं मले."

पहिला रविवार, चौऱ्याऐंशी. दुसरा रविवार, चौऱ्याऐंशी. तिसऱ्याला बाबारावांनी विचारलं, "अजून किती येळ पाह्यसान?" धम्मानंद म्हणाला, "काका, ऊन वाढलंय. वाढत्या उन्हातलं पण एक हवं." बाबारावांना पटलं. वीज मंडळात उन्हाचं कारण नेहमी पटत आलेलं आहे.

कॉलेजात भूमिका मुलींना शिकवत होती की सगळी निरीक्षणं सारखीच येत असतील, तर आणखी निरीक्षणं घेणं म्हणजे वेळेचा अपव्यय. फळ्यावर हे लिहिताना तिचा खडू मोडला. तिला कळत होतं सगळं. आकडा पक्का झाला, की अक्षय तृतीयेला गाडी लकडगंजला जाणार. गाडी गेली, की इंदोऱ्याच्या माणसाला प्रतापनगरात काय काम? आणि तो तर बॅटरीबद्दलच बोलायचा. नाकासमोर बघून, काटेकोर. असा माणूस कामासाठी येतो की कशासाठी, हे विचारावं कसं… आणि तो म्हणाला "कामासाठी", तर?

अक्षय तृतीयेआधीचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला होता. बाही मात्र दुमडलेलीच.

"आज आखरी ना?" बाबारावांनी गेटातून विचारलं. "दुर्गेशभाऊले सांगून टाकतो मंग."

"हो काका," धम्मानंद म्हणाला. खाली बघून, पण हसला नाही.

गोरेवाडा गेलं. मोह संपला होता. भूमिकानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा हॉर्न वाजवला, समोर कोणी नसताना.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"कुत्रं."

"बरं."

फेटरी आली. तिनं पाय हलका केला आणि वाट पाहिली. तो फोनकडे बघत राहिला. फेटरीचे पानठेले मागे गेले, शेवटचं घर गेलं. तो "वळू या" म्हणाला नाही. तिनंही गाडी वळवली नाही. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं आणि त्यावर चढत जाणारं ऊन. कळमेश्वरचा फाटा गेला. भूमिकाच्या कानात स्वतःचाच श्वास वाजत होता. इतक्या शांत गाडीत तो त्यालाही ऐकू येत असणार…

आणि एकदम बॉनेटखालून घर्र्र आवाज आला. मेहुणा कॅनडाला गेल्यापासून झोपलेलं इंजिन जागं झालं होतं.

दोघंही दचकले. तिनं एका लिंबाखाली गाडी उभी केली.

"संपली," तो म्हणाला.

"वळा म्हणाला नाहीत तुम्ही."

"नाही म्हणालो."

"काहून?"

इतके दिवस दोघं क्रमिक पुस्तकातलं मराठी बोलत होते. तो शब्द तिच्या तोंडून घरच्यासारखा सुटला, आणि धम्मानंदच्या चेहऱ्यावरची घडीच मोडली.

"वळलो असतो तं घरी पोचलो असतो," तो म्हणाला.

"मंग?"

"घरी पोचलो असतो तं आकडा पक्का झाला असता."

"आकडा तं पहिल्या दिवशीच पक्का होता. दर येळी चौऱ्याऐंशी. माह्या पहिल्या वर्षाच्या पोरी बी सांगतीन, आनखी एकाची गरज नाही म्हनून."

"मंग तुम्ही काहून येऊन राहिल्या होत्या?"

"गाडी माह्या घरची हाय. तुमचं काय?"

त्यानं फोन मांडीवर ठेवला. "आमच्या कंपनीत एकच रीडिंग घेतात," तो म्हणाला. "बाकीची… माही मीच घेतली."

"म्हणजे खोटं बोलले तुम्ही!"

"आकड्यात नाही बोललो. कितीची गरज आहे, त्यात बोललो." मग श्वास घेऊन, एका दमात, "गाडी गेली तं मले प्रतापनगरात येऊ कोन देनार? म्हनून दर येळी ठरवून येतो, आज बोलतो. अन् तुम्ही विचारता, काय दिसते. अन् मी सांगतो, सेल."

भूमिका हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा तिनं ते आरशात बघून ओढणीने टिपले.

"नत्थूजींची गाडी आहे ना," ती म्हणाली. "तिच्यासाठी या."

"ती ठणठणीत आहे हो. तिच्यात पाहण्यासारखं काही नाही."

"अन् माह्यात?"

"तुह्यात…" तो अडखळला, फोन उचलायला गेला. तिनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि डॅशबोर्डवर पालथा ठेवला. मग त्याचा हात तिच्या हातावर आला, आणि तिनं आपला तिथेच राहू दिला.

"हे मोजू नको," ती म्हणाली.

त्यानं नाही मोजलं. लिंबाखाली ते किती वेळ होते, याची म्हणूनच कुठे नोंद नाही.

परतताना इंजिन सबंध रस्ताभर घरघरत राहिलं, आणि त्या आवाजात दोघांना पहिल्यांदा मनासारखं गप्प बसता आलं. ए.सी.पण लावला.

बाबाराव गेटात उभे होते. "इंजिन काहून चालू हाय?"

"बॅटरी संपली, बाबा. आम्ही पुढे गेलो होतो." मग तिनं कुठवर गेलो होतो ते सांगितलं. रस्त्याचंही, आणि दुसरंही.

शोभाताईंनी तर्रीचं पातेलं खाली ठेवलं. "झालं का एकदाचं? मले वाटलं, बॅटरीच बदलवा लागते."

बाबारावांनी धम्मानंदकडे पाहिलं. हा माणूस उन्हाचं कारण देत होता, हे त्यांच्या आता ध्यानात येत होतं. "तुमच्या घरी मी येतो बुधवारी," ते म्हणाले. "आईबाबा असतात ना घरी?"

"असतात, काका."

"अन् ते चौऱ्याऐंशी? ते खरं का?"

"ते पक्कं."

बाबारावांनी समाधानानं मान हलवली, चष्मा लावला आणि आकडा कळवायला दुर्गेशभाऊंना फोन केला.

दुर्गेशभाऊंनी गुढीपाडव्यालाच डिझेलची गाडी घेतली होती. सांगायचं राहून गेलं होतं.