हुंगलेले गुलाब

"हे गुलाब घालून कुकीज केल्यात, तर खाणारा जगेल काय?"

कुंभकोणच्या फुलबाजारात एका अनोळखी मुलानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आणि तेही मराठीत! मी फुलांच्या कुकीज करून विकते; फोनवर आईशी त्याबद्दलच बोलत होते, ते त्यानं ऐकलं असणार. तंजावरकडच्या आम्हा मराठी माणसांचं असंच – आपली भाषा कानावर पडली की ओळखपाळख लागत नाही.

"हारांचे गुलाब हे. औषध मारतात यांवर," तो म्हणाला. "खायचीं फुलें पाहिजेत तर माझ्या बागेंत या. पापनाशम्‌च्या वाटेवर अहे."

तो मध्वेश. पुढे दर शुक्रवारी तोच घरी फुलं आणून देऊ लागला. पनीर गुलाब म्हणजे आमच्याकडचा सुवासिक गावठी गुलाब, आणि निळी गोकर्ण. मी पाकळ्यांचे पांढरे बुंधे खुडत बसायची, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी उगाच रेंगाळायचा.

"बुंधे कां काढतेस?"

"कडू असतात."

"मग तुझ्या बोलण्याचे काढायचे राहिले कीं!"

मी रागानं बघायची… म्हणजे, बघायचा प्रयत्न करायची.

सगळं असं छान चाललेलं असताना हरिणी उपटली. दारासुरम्‌ला कुकीजचा डबा पोचवायला गेले होते, तर समोरून मध्वेशची स्कूटर. मागे लांब वेणीची एक मुलगी, आणि तिच्या मांडीवर टोपलीभर गुलाब.

"कोण ती?" शुक्रवारी मी विचारलंच.

"हरिणी. मरुदानल्लूरला भजनांत गाते. गळा काय अहे तिचा – मध!"

मध! माझ्या कुकीज चार महिने खाऊन "बरीं झालीं" यापुढे ज्याची जीभ सरकली नाही, त्याच्या तोंडी मध! मी जळले. खोटं कशाला सांगू, अगदी कोळसा झाले.

आणि आज तो दोन टोपल्या घेऊन आला. "लहान तुझी. मोठी हरिणीकडे द्यायची. पेट्रोल भरून येतों," म्हणाला आणि मोठी टोपली आमच्या ओट्यावर ठेवून गेला.

लहान माझी… मोठी तिची.

माझं डोकंच फिरलं. तिच्या वेणीत जायच्या आधी यातल्या प्रत्येक फुलाचा वास मी घेणार! माळ म्हणावं माझी उष्टी फुलं! एकेक गुलाब उचलला, नाकाशी धरला, परत ठेवला. एकही सोडला नाही. फार बरं वाटलं.

मध्वेश आला, टोपली उचलू लागला. "सरी, निघतों. हरिणी हार गुंफायला थांबली असेल. उद्या भजनांत राधाकल्याण अहे ना."

राधाकृष्णाचं लग्न! देवाची फुलं! आमच्याकडे देवाच्या फुलांजवळ कुणी नाकसुद्धा नेत नाही. हुंगलेलं फूल देवाला वाहणं म्हणजे उष्टं ताट पुढे करणं.

त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण देवाशी खोटं कसं बोलायचं? आणि खरं सांगावं, तर मग सगळंच सांगावं लागणार…

"थांबा. तीं नेऊं नका."

"कां?"

"मी हुंगलीं."

"किती?"

"सगळीं."

"सगळीं? अय्यो! कां पण?"

"तिच्यासाठीं वाटलीं. तिला द्यायचें नव्हतें मज…"

"गुलाब?"

"नव्हे. तुम्हांस."

आता हा परत येणार नाही, असंच वाटलं.

"बागेंत अजून फुलें अहेत," तो सावकाश म्हणाला. "देवासाठीं दुसरीं तोडूं. तूंही चल."

"आणि हीं?"

त्यानं टोपलीतला एक गुलाब उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"उष्टें फूल देवास चालत नाहीं, नंदिता," तो म्हणाला. "मज चालतें."