प्रायव्हेट नंबरचा पाठलाग

"आला! परत 'प्रायव्हेट' आला!" वीरेश ओरडला. भूमिकाने आंब्याची कोय ताटात टाकली आणि धाकट्या भावाला ढकलून फोनकडे धूम ठोकली.

दोघं सुट्टीला आली होती त्या हुपरीत, मामांच्या घरच्या फोनशेजारी नवीकोरी नंबर दाखवणारी डबी बसली होती. पण हा एक फोन आला की तिच्यावर नंबर म्हणून उमटायचा नाही! 'हॅलो' म्हटलं तर पलीकडून नुसती छुमछुम. आणि घरोघरी चांदीचे दागिने घडणाऱ्या हुपरीत पैंजणांची छुमछुम कुठल्या घरातून येत नाही?

एरवी पोरांनी याची मजाच केली असती. पण गुरुसिद्धमामांनी सगळा राग आपल्या लेकीवर, सुष्मिताअक्कावर काढला होता. "कोण तरी पोरगा हाय ह्यामागं! नंबर लपवून फोन करतोय! कोल्हापूरचं कालेज बंद, घरात बसायचं!" प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस होता, आणि अक्काने रडून रडून डोळे सुजवले होते. भूमिकाला ते बघवत नव्हतं.

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. छुमछुम... मग एक दणदणीत शिंक आणि पाठोपाठ, "शिवा शिवा!"

"वीऱ्या! ही तर मामांची शिंक!"

"खुळी का काय तू? मामा सोताच्याच घरी फोन करून गप्प बसतील व्हय?"

"तेच बघायचं! परत वाजला की सगळ्यांना बोलव. मी चालले कारखान्यात!"

गल्लीच्या टोकाला आपल्या चांदीच्या कारखान्यात मामा मांडी घालून, फुंकणीने ज्योत फुंकत पैंजणाच्या कड्या जोडत होते. पुढे वाकले की वरच्या खिशातला मोबाईल समोरच्या लाकडी ठोकळ्यावर दाबला जायचा. भूमिका टक लावून बघत राहिली. मामा पुन्हा वाकले आणि खिशात हिरवा उजेड लागला!

घरी फोन उचलला जाईल इतका वेळ थांबून तिने झटकन पैंजणांचा जोड उचलला आणि खिशापाशी नेऊन तीनदा खणखणीत वाजवला.

"अगं ए! काय चावलंय का तुला?" मामा खेकसले.

थोड्याच वेळात वीरेश धापा टाकत आला, मागून आज्जी आणि अक्का. "तीनदा वाजलं! 'चावलंय का' पण ऐकलं सगळ्यांनी!"

अक्काने मोबाईल काढून घेतला. "आप्पा, दोनचं बटण दाबून धरलं की घरी फोन लागतो. मीच बसवून दिलतं की! बटणांना कुलूप लावत जावा म्हणून सांगितलं पण होतं!"

"आणि नंबर कुणी लपवला रे?" आज्जीने विचारलं.

मामांची मान खाली गेली. "मीच. गिऱ्हाईक हाय असं सांगून दुसऱ्या सराफांना चांदीचा भाव इचारायचो. नंबर दिसला तर वळखतील की!"

आज्जीने कमरेवर हात ठेवले. "पोरगा हाय ह्यामागं म्हणत होतास ते खरं निघालं बघ. माझाच पोरगा!"

सगळा कारखाना हसला. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, बाळ. उद्या पहिल्या गाडीनं कोल्हापूरला जायचं. मी येतो संगं."

"आणि ह्या पोरीच्या कानाची करामत बघा!" आज्जी भूमिकाचा कान धरून कौतुकाने म्हणाली. "पैंजण हिच्या कानातच घालाय पायजेत!"

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. भूमिका धावली. या वेळी डबीवर मामांच्या मोबाईलचा सगळाच्या सगळा नंबर झळकत होता!

"भूमी, झाला गं प्रवेश!" पलीकडून अक्का ओरडत होती.